गप्पीला पिल्लं होतातच, ती जगवायची कशी?

"गप्पी माशाला पिल्लं होण्यासाठी काय करावं लागतं?" असं कुणी विचारलं की मला हसू येतं. काहीच करावं लागत नाही. एक नर आणि एक मादी एका बरणीत ठेवून तुम्ही गावाला गेलात, तरी परत येईपर्यंत पिल्लं झालेली असतात. फक्त ती तुम्हाला दिसत नाहीत, कारण तोवर आईबापांनीच ती खाल्लेली असतात.

माझं पहिलं वर्ष असंच गेलं. मादीचं पोट फुगायचं, एका सकाळी सपाट दिसायचं आणि टाकीत एकही पिल्लू नसायचं. एकदा पहाटे सासूबाई देवपूजेसाठी उठल्या आणि त्यांनीच हाक मारली, "अगं ये हिकडं, मासोळी व्यालीया!" मी धावत गेले तेव्हा तीन पिल्लं उरली होती. चहा होईपर्यंत एक.

गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वॉर्डटेल हे चारही पिल्लं देणारे मासे. बाजारातून आणलेल्या माशाच्या पोटात गाभोळी निघते, तशी यांच्यातही अंडी असतातच. पण ती बाहेर न पडता आईच्या पोटातच वाढतात, फुटतात आणि पोहतं पिल्लूच बाहेर येतं. त्यामुळे अंडी सांभाळायची कटकट नाही. सगळा खेळ पिल्लू बाहेर आल्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांचा आहे. हा लेख मुख्यतः तेवढ्यासाठी.

आधी जमवायचं सामान

- दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच काचेची टाकी. साधारण ५० लिटर पाणी मावतं.
- पिल्लांसाठी दुसरी छोटी टाकी, नाहीतर २०-२५ लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा. हा "नंतर बघू" म्हणून टाळू नका.
- दोन स्पंज फिल्टर (पंपाच्या हवेवर चालणारी, स्पंजातून पाणी गाळणारी गाळणी) आणि दोन तोंडांचा एअर पंप.
- ५० वॅटचा हीटर आणि थर्मामीटर.
- अँटी-क्लोरीनचं औषध.
- जावा मॉस आणि गप्पी ग्रास या पाणवनस्पती, भरपूर.
- पाण्यासाठी झाकणाचं पिंप. यात साबण, फिनेल, काहीही कधी गेलेलं नसावं.
- एअर पंपाची बारीक नळी, दोन मीटर. साफसफाईला लागते.
- खडेमीठ, जुनं मलमलचं कापड, एक वही.

रंगीत खडे, प्लास्टिकचा बुडबुडे सोडणारा पाणबुड्या, पाठीमागे लावायचं समुद्राचं चित्र यातलं काही लागत नाही. दुकानदार देईल, घेऊ नका. पिल्लांच्या टाकीत तर तळाला खडे नकोतच. खालचा कचरा दिसला पाहिजे.

१. टाकी ठेवण्याची जागा

पन्नास लिटर पाणी म्हणजे पन्नास किलो, वर काचेचं वजन वेगळं. फोल्डिंगच्या टेबलावर टाकी ठेवू नका. खाली थर्मोकोल घाला, म्हणजे काचेवर एका जागी ताण येत नाही. खिडकीचं ऊन थेट नको, पाणी हिरवं होतं. देव्हाऱ्याजवळ नको, उदबत्तीचा धूर एअर पंप ओढून पाण्यात सोडतो. स्वयंपाकघरात फोडणीचा तवंग बसतो. आमच्याकडे ती शेवटी जिन्याखाली गेली आणि तिथेच बरी आहे.

पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा. लाइट गेली की पाणी नळीतून उलटं पंपात येतं. वायर बोर्डाकडे जाताना मध्ये खाली लोंबली पाहिजे, म्हणजे थेंब सॉकेटपर्यंत जात नाही. आणि पाण्यात हात घालण्याआधी हीटरचं बटण बंद. दर वेळी.

२. पाणी तयार करा, आणि थांबा

नवशिक्यांचे सगळ्यात जास्त मासे इथे मरतात. टाकी आणली, नळाचं पाणी भरलं, संध्याकाळी मासे सोडले, आठवड्यात सगळे उताणे. मग "आम्हाला मासे लाभत नाहीत" म्हणून टाकी माळ्यावर.

यात दोन गोष्टी आहेत. पहिली क्लोरीन. नळाचं पाणी आपल्याला प्यायला चांगलं असतं ते क्लोरीनमुळेच, पण माशाचे कल्ले त्यानं भाजतात. पाणी पिंपात भरून चोवीस तास ठेवा किंवा अँटी-क्लोरीन घाला. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा क्लोरीनचा वासही जास्त मारतो. त्या दिवसांत मी दोन्ही करते. पिंपाच्या तोंडाला कापड बांधा. उघड्या पाण्यात डास अंडी घालतात आणि डेंग्यूच्या तपासणीला आलेले कर्मचारी पहिलं तेच पिंप उपडं करतात. ते बरोबरच करतात.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो, तो विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू स्पंजमध्ये घर करतात आणि त्यांना स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत एक-दोन मासेच ठेवायचे, चिमटीभरच खायला घालायचं आणि दर दोन दिवसांनी चौथा हिस्सा पाणी बदलायचं. जवळचा रस्ता एकच: कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांचा स्पंज आणून तुमच्या टाकीत पिळा. पिळल्यावर निघतं ते घाण, काळपट पाणी म्हणजे सोनं आहे. तुमचा स्पंजही पुढे कधी नळाखाली धुऊ नका, सगळी कमाई वाहून जाईल. टाकीतून काढलेल्या पाण्यात बादलीत दाबून घ्यायचा.

आता सापळा. "माशांना शुद्ध पाणी द्यावं" म्हणून काही जण आरओ फिल्टरचं पाणी भरतात. या चारही माशांना जड, क्षारांचं पाणी मानवतं, आरओ नेमके तेच क्षार काढून टाकतो. मॉलीला हे सर्वात आधी बाधतं. ती एकाच जागी थंडी वाजल्यासारखी डुलत राहते. तुमच्याकडे बोअर असेल आणि गिझरला, नळाला पांढरा थर चढत असेल, तर आंघोळीला ते वाईट पण मॉलीला उत्तम. मी बोअर आणि नळ अर्धं-अर्धं वापरते.

३. मासे निवडताना

नर-मादी ओळखणं सोपं आहे. शेपटी आणि रंग बघू नका, पोटाखालचा मागचा पर बघा. नराचा काडीसारखा बारीक, टोकदार असतो. मादीचा पंख्यासारखा. मॉली आणि प्लॅटीत नर-मादी दोघंही सारखेच रंगीत असतात, तिथे हीच खूण कामाला येते.

"एक जोडी द्या" असं म्हणू नका. एका नरामागे दोन-तीन माद्या हव्यात. एकटी मादी असली तर नर तिला दिवसभर उसंत देत नाही, ती खंगून मरते.

दुकानातून आणलेली मोठी मादी जवळजवळ नेहमी आधीच गाभण असते. शिवाय ती नराचं बीज कित्येक महिने पोटात साठवून ठेवते आणि एकाच मीलनावर पुन्हा पुन्हा पिल्लं देते. मला एका दुकानातून निळ्या नरासोबत "याचीच मादी" म्हणून दिली. पहिल्या तीन विणींत एकही निळं पिल्लू नाही, सगळी पिवळट. त्यामुळे विशिष्ट रंगाची पिल्लं हवी असतील तर मोठी मादी घेण्यात अर्थ नाही. महिन्याभराची, नरांपासून वेगळी वाढवलेली पोर मादी हवी. तशी दुकानात मिळणं कठीण, घरीच तयार करावी लागते (त्यासाठी पायरी ८).

प्लॅटी आणि स्वॉर्डटेल एकत्र ठेवलेत तर त्यांचा आपसात संकर होतो. चालत असेल तर ठेवा.

जाता जाता: गप्पी हे नाव गप्पांवरून आलेलं नाही. त्रिनिदादमधल्या रॉबर्ट गप्पी यांनी १८६६ साली हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले, त्यांचं आडनाव माशाला चिकटलं. खरं तर पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञानं १८५९ मध्येच या माशाला शास्त्रीय नाव दिलं होतं. ते कुणाच्या तोंडी बसलं नाही.

४. दिवस मोजा

गप्पीला साधारण २२ ते ३० दिवस लागतात, प्लॅटी आणि स्वॉर्डटेलला चार आठवड्यांच्या आसपास, मॉलीला पाच ते आठ आठवडे. पाणी गार असलं की दिवस लांबतात. आमच्या कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा असतो, तेव्हा हीटर २५-२६ अंशांवर ठेवा. एप्रिल-मेमध्ये उलट. दुपारी पाणी ३१-३२ वर गेलं तर झाकण उघडा आणि पंप जोरात सोडा.

वहीत प्रत्येक विणीची तारीख लिहा. दोन विणींनंतर तुम्हाला त्या मादीचा हिशोब कळतो आणि पुढची तारीख दोन-तीन दिवसांच्या फरकानं सांगता येते.

खुणा: शेपटीकडच्या बाजूला पोटावर गडद डाग असतो, तो मोठा आणि काळा होत जातो. फिकट रंगाच्या गप्पीत शेवटच्या दिवसांत त्या डागात पिल्लांचे डोळे बारीक टिंबांसारखे दिसतात. पोट गोल असेल तर अजून वेळ आहे. पुढून बघितल्यावर ते चौकोनी, खोक्यासारखं दिसलं की एक-दोन दिवस. शेवटी ती कोपऱ्यात किंवा हीटरमागे जाऊन थांबते, खाणं सोडते, नर जवळ आला तर पळते. काळ्या मॉलीत डाग दिसतच नाही, तिथे पोटाचा आकार आणि वही एवढंच.

५. बाळंतपण

दुकानात प्लास्टिकचा छोटा डबा मिळतो. मादी वर, पिल्लं फटीतून खाली पडतात. लोक तो लगेच घेतात, मीही घेतला होता. त्यात मादीला वळायलाही नीट जागा नसते. चार-पाच दिवस आधीच कोंडली तर घाबरून ती अपुऱ्या दिवसांची, पोटाला पिवळं बलक लटकलेली पिल्लं टाकते. ती जगत नाहीत. डबा वापरायचाच असेल तर अगदी शेवटच्या रात्री.

त्यापेक्षा चांगलं हे: चौकोनी पोट दिसलं की मादीला पिल्लांच्या टाकीत हलवा. तिथे निम्मी टाकी भरेल एवढं मॉस आणि गप्पी ग्रास असू द्या, थोडं तळाला, थोडं वर तरंगतं. पाणी जुन्या टाकीतलंच घ्या. खोलीत अंधार करा, मुलांना काचेवर टिचक्या मारू देऊ नका. मादीला भरपेट खायला घाला, पोट भरलेली आई पिल्लांमागे कमी लागते. बहुतेक वेळा पहाटे वीण होते. पिल्लू गोल वळलेलं बाहेर येतं, क्षणभर बुडतं, सरळ होतं आणि झाडात घुसतं. काही तास चालतं सगळं. पहिलटकरणीला दहा-बारा, मोठ्या मादीला तीस-चाळीस, क्वचित शंभरापर्यंत.

पोट सपाट झालं की मादीला बाहेर काढा, पण नरांत लगेच सोडू नका. एक दिवस एखाद्या भांड्यात विसावा द्या.

वनस्पतींचा सापळा. फुकट मिळतं म्हणून तळ्याकाठचं केंदाळ किंवा शेवाळ आणू नका. माझ्या मुलानं एकदा हौसेनं केंदाळाचं रोप आणलं, मुळं छान लांब, पिल्लांना लपायला झकास. चाळीस पिल्लांची वीस झाली, वीसची आठ, आणि मेलेलं एकही सापडेना. मुळं झटकल्यावर त्यातून चतुराची अळी पडली, बोटाच्या पेरभर. तिचा जबडा पुढे झेपावतो आणि ती पिल्लं उचलते. शेवटी दुकानातूनच मॉस आणलं. तेही आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवून मगच टाकीत घाला.

६. खुराक

पिल्लू जन्मतः सात-आठ मिलिमीटरचं असतं आणि पहिल्या दिवसापासून खातं. पैलवानाचं पोर म्हणा. थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. एकदाच भरपूर घातलं तर ते खात नाहीत, उरलेलं सडतं आणि पाणी मारतं.

सगळ्यात सोपं: मोठ्या माशांचे दाणे खलबत्त्यात पिठासारखे कुटून, बोटाच्या टोकाला लागतील एवढेच. यावर पिल्लं जगतात, पण सावकाश वाढतात.

उकडलेल्या अंड्याचा बलक सगळेच सुचवतात. मसुरीच्या दाण्याएवढा बलक कापडातून पाण्यात कालवून दोन-तीन थेंब, याच्यावर नाही. मी पहिल्यांदा अर्धा बलक टाकला. सकाळी टाकी दुधासारखी पांढरी, आणि वास! पिल्लं सगळी गेली.

खरा खुराक म्हणजे आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे इवलेसे जीव. दुकानात अंडी मिळतात, तपकिरी पुडीसारखी दिसतात. पाण्याची प्लास्टिकची बाटली घ्या, बूड कापा, उलटी टांगा. एक लिटर पाण्यात सपाट दोन मोठे चमचे खडेमीठ कुटून घाला, एअर पंपाची नळी तळापर्यंत सोडा, अर्धा छोटा चमचा अंडी टाका आणि वर दिवा लावून ठेवा. २६ ते २८ अंशांत चोवीस तासांत फुटतात. थंडीत दीड-दोन दिवस लागतात. मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतात, नारिंगी रंगाचे जीव खाली जमतात. खालून नळीनं ओढून घ्या, मलमलमध्ये गाळा, गोड्या पाण्यात खंगाळा आणि पिल्लांना द्या. टरफलं जाऊ देऊ नका, ती पचत नाहीत. दहा मिनिटांनी पिल्लांची पोटं नारिंगी दिसली की समजायचं, जेवण झालं.

गटारीच्या कडेला मिळणारे लाल किडे, म्हणजे ट्युबिफेक्स, जिवंत देऊ नका. रोग घरात येतो.

७. पाणी बदलणं

मोठ्या टाकीत आठवड्याला पाव हिस्सा. पिल्लांच्या टाकीत रोज दहावा हिस्सा, कारण खाणं जास्त, घाणही जास्त. बारीक नळीच्या तोंडाला कापड बांधून तळचा कचरा ओढा आणि बादलीतलं पाणी फेकण्याआधी उजेडात बघा. एखादं पिल्लू असतंच. नवं पाणी टाकीतल्या पाण्याएवढंच कोमट हवं, हाताला फरक जाणवता कामा नये.

८. नर-माद्या वेगळ्या करा

तीन-चार आठवड्यांत नरांचा मागचा पर टोकदार व्हायला लागतो, अंगावर रंगाची छटा येते. त्याच आठवड्यात त्यांना वेगळं करा. दोन महिन्यांची गप्पी स्वतः गाभण राहू शकते, भाऊ-बहीण हा विचार त्यांच्यात नसतो. निवडायला हीच वेळ: पाठ वाकडी, पोहण्यात एका बाजूला झुकणारी पिल्लं प्रजननाला ठेवू नका. तीन-चार पिढ्यांनी बाहेरची एखादी चांगली मादी आणा, नाहीतर शेपट्या लहान होतात आणि वाकड्या पाठी वाढतात.

९. दुखणी आणि लाइट जाणं

अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आले तर पाणी सावकाश ३० अंशांपर्यंत न्या, लिटरला एक-दोन ग्रॅम खडेमीठ आधी विरघळवून घाला, हवा वाढवा. ठिपके गेल्यावरही आठवडाभर चालू ठेवा. पर कुरतडल्यासारखे दिसले तर नव्वद टक्के वेळा पाणीच खराब असतं, औषध शोधण्याआधी ते बदला. नवीन मासा आणला की दोन आठवडे वेगळ्या भांड्यात. हा नियम मी दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा पस्तावले.

२०१९ च्या महापुरात पाणी उपसा केंद्रंच बुडाली आणि शहरात कित्येक दिवस नळाला पाणी नव्हतं. घरात माणसांना पाणी मोजून, तिथे माशांचं कोण विचारतं? मी खाणं पूर्ण बंद केलं. मोठे मासे आठवडाभर न खाता तगतात, आणि न खाल्ल्यानं पाणीही कमी खराब होतं. पिल्लांना दोन दिवसांतून चिमूटभर. पंपाला लाइट नव्हती तेव्हा दर तासाला वाटीनं पाणी वरून ओतत होते. तेव्हापासून बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि भरलेलं एक पिंप जूनमध्येच तयार असतं.

१०. एवढ्या पिल्लांचं करायचं काय?

हे आधी ठरवा. दोन माद्या, महिन्याला तीस-तीस पिल्लं, तीन महिन्यांत १८०. पन्नास लिटरमध्ये एवढे मासे मावत नाहीत.

रंकाळा, पंचगंगा, कळंबा, विहीर, कुठेही सोडू नका. "डास खातील की" असं म्हणतात. खातात, आणि हिवताप नियंत्रणासाठी गप्पी वापरतातही, पण कुठे सोडायचे ते आरोग्य विभाग ठरवतो. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपल्या ओढ्या-तळ्यांतल्या छोट्या माशांच्या खाण्यावर आणि पिल्लांवर तो तुटून पडतो, आणि एकदा रुजला की निघत नाही. जास्त झालेले मासे महापालिकेच्या हिवताप विभागाला हवेत का, हे जाऊन विचारा. अडीच-तीन महिन्यांचे, रंग आलेले नर काही दुकानदार खाणं किंवा मॉसच्या बदल्यात घेतात. रोख पैशांची अपेक्षा ठेवू नका. नको असतील तर माद्या वेगळ्या ठेवा, किंवा नुसते नर पाळा. तेच दिसायला सुंदर असतात.

बाकी गल्लीतली पोरं आहेतच. देताना आदल्या दिवशी खायला घालू नका, पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा ठेवा, रबर घट्ट बांधा. आणि पिशवी हातात देण्याआधी विचारा, टाकी कधी भरलीस? "काल" म्हणाला, तर पिशवी परत ठेवून घ्या आणि त्याला तुमचा जुना स्पंज पिळून द्या.